खिडकी बंद झाली, प्रोग्राम चालूच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानातला किंवा कार्यालयातला संगणक मंदावला की ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला सांगली-मिरजेत सर्रास दिला जातो. फॉरमॅट मारल्यावर चार-आठ दिवस मशीन पळते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी दोष बहुधा विंडोजचा नसतो. बिलिंग, डिजिटल सही, अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर, असा जो तो प्रोग्राम बसताना आपल्याबरोबर एखादी सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा जोडप्रोग्राम, बसवून घेतो आणि प्रोग्राम बंद केला तरी ती सर्व्हिस मागे चालूच राहते. फॉरमॅटनंतर तेच प्रोग्राम पुन्हा बसवले की त्याच सर्व्हिसेस पुन्हा हजर. गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही, आणि ते न कळल्यामुळे नुसता वेळच नाही, कधी कधी वर्षाचा हिशोबही जातो. म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

उजव्या कोपऱ्यातली फुली फक्त खिडकी मिटवते. खिडकीमागचा प्रोग्राम थांबवायचा की नाही, हे तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. नोटपॅडसारखा साधा प्रोग्राम खिडकीबरोबर संपतो. काही प्रोग्राम घड्याळाशेजारी जाऊन बसतात. खालच्या पट्टीवर घड्याळाजवळ वर टोक केलेला एक बारीक बाण असतो. त्यावर क्लिक केले की तिथे दडलेली चिन्हे दिसतात. चिन्हावर राइट क्लिक करून ‘एक्झिट’ किंवा ‘क्विट’ केले की तो प्रोग्राम खरा बंद होतो. सर्व्हिसचे तसे नाही. तिला स्वतःची खिडकी नसते. विंडोज उठतानाच, आपण पासवर्ड टाकायच्या आधी, ती सुरू होऊ शकते. कोण लॉगिन झाले आणि कोण उठून गेले याच्याशी तिला देणेघेणे नसते. विंडोज व्हिस्टापासून सगळ्या सर्व्हिसेस ‘सेशन शून्य’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतात, त्यामुळे त्यांचे काही बिनसले तरी पडद्यावर पत्ता लागत नाही.

याचा अर्थ सर्व्हिस म्हणजे रोग, असे मुळीच नाही. वर्डमधून मोठी प्रिंट देऊन वर्ड बंद केले तरी पाने येत राहतात, ती ‘प्रिंट स्पूलर’ या सर्व्हिसमुळे. ती अडली तर प्रिंटर बदलायची गरज नसते. कीबोर्डवर विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबावे, येणाऱ्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ (services.msc) टाकावे, यादीत प्रिंट स्पूलर शोधून ‘स्टॉप’ करावे. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टीम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढाव्यात (फोल्डर तसाच ठेवावा) आणि सर्व्हिस पुन्हा ‘स्टार्ट’ करावी. दोन मिनिटांचे काम आहे.

खरी गुंतागुंत डेटाबेसची. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हळदीच्या, बेदाण्याच्या पट्ट्या काढणारा प्रोग्राम असो, औषध दुकानाचे बिलिंग असो की पतसंस्थेचे खातेवही सॉफ्टवेअर, पडद्यावर दिसतो तो केवळ दर्शनी भाग. नोंदी ठेवणारा डेटाबेस, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस, मायएसक्यूएल किंवा तसलाच दुसरा, सर्व्हिस म्हणून वेगळा चालतो. बिलिंगची खिडकी बंद केल्याने तो थांबत नाही, आणि थांबूही नये. दुसऱ्या काउंटरवरचा संगणक त्याच डेटाबेसवर चालत असतो.

हा डेटाबेस मेमरी खातो, हे खरे. एसक्यूएल सर्व्हर नोंदी पटकन देता याव्यात म्हणून त्या रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीत, धरून ठेवतो आणि विंडोजला चणचण भासल्याशिवाय सोडत नाही. फुकट मिळणाऱ्या एक्स्प्रेसला २०१६ ते २०२२ च्या आवृत्त्यांत त्यासाठी १४१० एमबीची मर्यादा आहे. ४ जीबी रॅमच्या मशीनवर हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग झाला. इथे सर्व्हिस बंद करणे हा उपाय नव्हे. रॅम ८ जीबी करणे हाच उपाय, आणि फॉरमॅटच्या दोन-तीन खेपांपेक्षा तो परवडतो.

एसक्यूएलच्या मुख्य सर्व्हिसशेजारी यादीत ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ अशी आणखी एक दिसते. नाव पाहून इंटरनेटचा ब्राउझर समजून ती बंद केली जाते. गंमत अशी की त्या मशीनवर सगळे सुरळीत चालते, पण दुसऱ्या काउंटरवर ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश येतो. एक्स्प्रेस नेहमी ठरावीक पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या ठरावीक क्रमांकावर, बसत नाही. तो कुठे बसला आहे हे बाकीच्या मशीनना सांगण्याचे काम ही ब्राउझर सर्व्हिस करते. मग केबल बदला, राउटर बदला, असे दोन दिवस जातात. टॅलीच्या मल्टियूजर लायसन्सचेही असेच. सर्व्हरवर, म्हणजे बाकीचे ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य मशीनवर, टॅलीची खिडकी उघडी नसली तरी चालते, पण टॅली गेटवे सर्व्हर ही सर्व्हिस बंद पडली की बाकीच्या टेबलांना लायसन्स मिळत नाही.

आता बॅकअपचे. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावाला बॅकअप का घ्यावा हे सांगायला नको. पण तो कसा घेतला जातो ते पाहा. संध्याकाळी बिलिंग बंद केले, डेटाचा फोल्डर उचलला, पेन ड्राइव्हवर कॉपी केला. बिलिंग बंद असले तरी सर्व्हिस चालू असल्यामुळे एसक्यूएल सर्व्हरची मुख्य फाइल, एमडीएफ शेपटीची, कुलूपबंद असते. कॉपी मध्येच थांबते आणि एक छोटी चौकट येते: ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. खाली तीन बटणे, ‘ट्राय अगेन’, ‘स्किप’, ‘कॅन्सल’. घरी जायची घाई असते. ‘स्किप’ दाबले जाते. बाकी सगळे, म्हणजे रिपोर्टचे नमुने, दुकानाचा लोगो, सेटअप, व्यवस्थित कॉपी होते आणि ‘बॅकअप झाला’ असे समाधानही मिळते. फक्त ज्यात गिऱ्हाइकांची खाती आहेत तीच फाइल पेन ड्राइव्हवर नसते. काही डेटाबेस तर चालू असतानाही फाइल कॉपी करू देतात, आणि ते जास्त घातक. थोड्या नोंदी अजून मेमरीतच असतात, कॉपी चालू असताना फाइल खालून बदलत असते, आणि हाती येते ती अर्धी जुनी अर्धी नवी प्रत. ती उघडायची वेळ येईपर्यंत हे कळत नाही.

बरोबर पद्धत दोनच. एक, सॉफ्टवेअरमध्येच असलेला बॅकअपचा पर्याय वापरणे. टॅलीप्राइममध्ये आल्ट आणि वाय दाबून ‘डेटा’ मेनूत तो मिळतो. दुसरी, सगळ्या काउंटरवरचे काम थांबवून डेटाबेसची सर्व्हिस रीतसर ‘स्टॉप’ करणे, एमडीएफ आणि तिच्या जोडीची एलडीएफ (बदलांची नोंद ठेवणारी लॉग फाइल) या दोन्ही फाइली कॉपी करणे, मग सर्व्हिस पुन्हा सुरू करणे. कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा आकार आणि तारीख मूळ फाइलशी ताडून पाहावी. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून शेवटचे बिल दिसते का हे बघावे. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर आमचा भरवसा नाही.

दुकान वाढवताना मेनचा खटका पाडण्याची सवयही इथेच नडते. खिडक्या सगळ्या बंद दिसतात, म्हणून संगणक शट डाउन न करताच वीज तोडली जाते. त्या क्षणी डेटाबेस फाइलमध्ये लिहीत असू शकतो. बऱ्याच वेळा तो आपल्या लॉग फाइलच्या आधारे स्वतःला सावरतो. पण डिस्कवर लिहिणे अर्धवट तुटले असेल तर सकाळी डेटाबेस ‘सस्पेक्ट’ किंवा ‘रिकव्हरी पेंडिंग’, म्हणजे बिघडलेल्या वा अर्धवट सावरलेल्या, अवस्थेत सापडतो आणि बिलिंग उघडत नाही. शट डाउन करून मशीन पूर्ण विझेपर्यंत थांबावे, मग खटका पाडावा. वीज अचानक जाते तिथे सर्व्हर मशीनला यूपीएस हवाच, मॉनिटरला एक वेळ नसला तरी चालेल.

दुसरा मोठा प्रकार पोर्टचा. पोर्ट म्हणजे पडद्यावरची नव्हे, तर बँकेतल्यासारखी क्रमांक असलेली खिडकीच म्हणा ना. एका खिडकीत एका वेळी एकच कारकून बसू शकतो. जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करताना ‘एमसायनर’ हा प्रोग्राम मागे चालावा लागतो आणि तो १५८५ सारख्या ठरलेल्या पोर्टवर पोर्टलची वाट पाहतो. आधीचा एमसायनर अडकून पडलेला असताना नवा उघडला, तर नव्याला जागा मिळत नाही आणि पोर्टल म्हणते, एमसायनर पुन्हा सुरू करा. कितीही वेळा डबल क्लिक केले तरी तेच. अशा वेळी घड्याळाजवळच्या बाणात जाऊन जुने चिन्ह ‘एक्झिट’ करावे. चिन्ह नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडायचा ते पुढे दिले आहे) त्याचे नाव शोधून ‘एंड टास्क’ करावे. मग राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने एकदाच उघडावा. कोण कुठल्या पोर्टवर बसले आहे हे पाहायला टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’मधून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडावा, त्यात ‘नेटवर्क’ टॅबखाली ‘लिसनिंग पोर्ट्स’ची यादी असते. प्रोग्रामचे नाव आणि पोर्टचा आकडा शेजारी शेजारी दिसतात.

सेवा केंद्रांवर आधारसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्राची ‘आरडी सर्व्हिस’ही अशीच मागे चालते, ११,१०० ते ११,१२० या टप्प्यातल्या पोर्टवर. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन यंत्रे वापरून झालेली असतील तर जुन्या यंत्राची सर्व्हिस तशीच राहते, पोर्टल कधी तिलाच जाऊन विचारते आणि ‘डिव्हाइस नॉट रेडी’ उत्तर येते. समोर म्हातारी माणसे अंगठा पुसून पुसून देत असतात आणि दोष त्यांच्या झिजलेल्या बोटांवर जातो. बोटे झिजतात हे खरे आहे, पण आधी जुने यंत्र कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल झाले आहे का, चालू यंत्राची सर्व्हिस ‘रनिंग’ आहे का, हे पाहिले पाहिजे. यंत्राची यूएसबी काढून लावली असेल तर ती सर्व्हिस एकदा ‘रीस्टार्ट’ करावी.

पलूस-वाळव्याकडच्या दूध संकलन केंद्रांवर हाच प्रकार कॉम पोर्टचा, म्हणजे सीरियल केबलने यंत्र जोडायच्या जागेचा, होतो. काटा आणि फॅट मशीन सीरियल केबलने जोडलेले असते आणि कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. सकाळच्या पाळीचा प्रोग्राम खिडकी मिटूनही मागे जिवंत राहिला, तर संध्याकाळी नव्याने उघडलेल्या प्रोग्रामला काट्याचे वजन येत नाही. मग काटा खराब म्हणून वजने हाताने टाकली जातात, आणि हाताने टाकलेल्या वजनावरून तंटे होतात. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये त्या प्रोग्रामचे नाव दोनदा दिसले की समजावे. दोन्ही बंद करून एकदाच उघडावा.

एक्सेल बंद करूनही फाइल ‘दुसऱ्याने उघडली आहे’ म्हणते, तेही याच जातीचे. एखादे ॲड-इन (एक्सेलला जोडलेला छोटा प्रोग्राम) किंवा एक्सेलला मागून चालवणारा दुसरा प्रोग्राम त्याला धरून ठेवतो. ‘डिटेल्स’मधून एक्सेल संपवावे, त्याआधी दुसऱ्या खिडकीत न जतन केलेले काम नाही ना, एवढे पाहावे.

इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ‘रात्री बंद केला होता, सकाळी चालू केला, तरी तेच’ अशी तक्रार येते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर फक्त आपले लॉगिन संपते. विंडोजचा गाभा आणि सेशन शून्य डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जाते आणि सकाळी तेच परत उचलले जाते. अडकलेली सर्व्हिस अडकलेलीच उठते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे पुसून नव्याने सुरू करतो. म्हणून बिघाड झाला की शट डाउन नको, रीस्टार्ट करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढता येते. एसएसडी (जलद डिस्क) असलेल्या मशीनवर त्याने सुरू होण्यात फारसा फरक पडत नाही, आणि आमच्या मते सर्व्हर म्हणून वापरल्या जाणाऱ्या मशीनवर ती टिक काढावीच.

सगळ्यात काळजीची सर्व्हिस मात्र वेगळीच आहे. सॉफ्टवेअरवाला लांबून दुरुस्ती करतो तेव्हा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर बसवले जाते. काम झाले, खिडकी बंद झाली, गिऱ्हाइकाला वाटते संबंध संपला. रीतसर इन्स्टॉल केलेला असेल तर त्याची सर्व्हिस विंडोजबरोबर रोज सुरू होते, आणि ‘अनअटेंडेड ॲक्सेस’चा पासवर्ड ठेवलेला असेल तर समोर कुणी नसतानाही बाहेरून आत येता येते. तो पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? नोकरी सोडून गेलेल्या मुलालाही? ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, पतसंस्थेची खाती आहेत, तिथे हा प्रश्न मालकाने विचारलाच पाहिजे. एनीडेस्कच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’खाली ‘खिडकी उघडी असेल तरच परवानगी’ असा पर्याय आहे, तो निवडावा. अनअटेंडेड पासवर्ड काढून टाकावा किंवा बदलावा. वर्षातून दोनदाच लागत असेल तर अनइन्स्टॉल करून टाकणे उत्तम. अनोळखी फोनवरून कुणी असे ॲप बसवायला सांगितले आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात.

आपल्या मशीनवर काय काय चालू आहे हे घरबसल्या पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘स्टार्टअप’ यादीत लॉगिननंतर सुरू होणारे प्रोग्राम असतात. नको ते ‘डिसेबल’ करावेत, हे निर्धोक आहे. सर्व्हिसेससाठी विंडोज आणि आर दाबून ‘एमएसकॉन्फिग’ (msconfig) टाकावे, ‘सर्व्हिसेस’ टॅबवर ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक करावी. उरतात त्या बाहेरून आलेल्या. पण सावध: एसक्यूएल सर्व्हरही मायक्रोसॉफ्टचाच, म्हणून तो या यादीत दिसणार नाही. आणि तिथले ‘डिसेबल ऑल’ बटण कधीही दाबू नये.

एखादी सर्व्हिस कशाची हे कळत नसेल तर सर्व्हिसेसच्या यादीत तिच्यावर डबल क्लिक करावे. ‘पाथ टू एक्झिक्युटेबल’समोर ती कुठल्या फोल्डरमधून चालते ते लिहिलेले असते. नाव विंडोजसारखे आणि जागा मात्र ‘टेम्प’ किंवा ‘ॲप डेटा’ फोल्डरातली, असे दिसले तर जाणत्या माणसाला दाखवावे. ‘डिपेंडन्सीज’ टॅबवर तिच्यावर दुसरे काय अवलंबून आहे ते कळते. ‘एंड टास्क’ केल्यावर सर्व्हिस मिनिटभरात पुन्हा उठत असेल तर तो व्हायरसच असे समजू नये. ‘रिकव्हरी’ टॅबमध्ये ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ लावलेले असू शकते. नको असलेली सर्व्हिस एका वेळी एकच बदलावी, थेट ‘डिसेबल’ न करता ‘मॅन्युअल’ करावी, म्हणजे एखाद्या प्रोग्रामला लागलीच तर तिला हाक मारता येते. आधीची स्थिती मोबाइलवर फोटो काढून ठेवावी. आणि ही कामे जीएसटी विवरणपत्रे भरण्याच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर करू नयेत.

किरकोळ दोन गोष्टी. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टीम’खाली ‘क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीतील ॲप चालू ठेवा’ अशा अर्थाची एक कळ असते, एजमध्येही तशीच आहे. दोन्ही बंद केल्या तरी काही अडत नाही. छापखान्यांतल्या मॅकवर तर लाल ठिपका खिडकीच बंद करतो, प्रोग्राम बंद करायला कमांड आणि क्यू दाबावे लागते.

या सगळ्यात गिऱ्हाइकाची चूक थोडी. सॉफ्टवेअर विकणारा पैसे मोजून घेतो, पण मशीनवर काय ठेवून गेला ते सांगत नाही. आमची मागणी साधी आहे. सांगली जिल्ह्यात जो कुणी दुकानात, संस्थेत, शाळेत वा सेवा केंद्रात सॉफ्टवेअर बसवतो, त्याने बिलासोबत एक पानभर कागद द्यावा: कोणत्या सर्व्हिसेस बसवल्या, त्या कशासाठी, ‘ऑटोमॅटिक’ की ‘मॅन्युअल’, कोणता पोर्ट लागतो, डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, बॅकअप कसा घ्यायचा, लांबून जोडणी ठेवली असेल तर तिचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि सॉफ्टवेअर काढताना यातले काय काय काढायचे. पतसंस्था आणि दूध संस्थांनी देखभालीच्या करारात ही अट घालावी आणि कागद मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. तो कागद सीपीयूच्या कडेला चिकटवून ठेवला की पुढच्या वेळी मशीन उघडणारा, मग तो कुणीही असो, फॉरमॅटची सीडी काढण्याआधी तो वाचील.

आपले नम्र,
संगणक दुरुस्ती व देखभालीचे काम करणारे काही कारागीर,
विश्रामबाग, सांगली